जनुक कधी, कुठे आणि किती

सिकलसेलचा आजार घेऊन जन्मलेले बाळ पहिले पाच-सहा महिने बहुधा ठणठणीत असते. अंगावर पिते, वजन धरते, पालथे पडू लागते. मग एके दिवशी त्याच्या हातापायांचे पंजे सुजतात, बोटे फुगतात आणि ते कुणाला हात लावू देत नाही. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार, मेळघाट या भागांतल्या डॉक्टरांना आणि आशाताईंना हे चित्र नवे नाही. आजाराचे मूळ असलेली चूक मात्र गर्भ राहिला त्या दिवसापासूनच बाळाच्या पेशींमध्ये होती. नऊ महिने पोटात आणि सहा महिने पाळण्यात ती काय करत होती?

रेण्वीय जनुकशास्त्र म्हणजे काय, असे विचारणाऱ्याला मी हाच प्रश्न उलट विचारतो. त्याचे उत्तर नीट द्यायचे तर जनुक कशाचे बनते, ते वाचले कसे जाते, कोण वाचते, वाचन कुणाच्या हुकमाने सुरू होते आणि कुणाच्या हुकमाने थांबते, हे सगळे सांगावे लागते. म्हणजे पुस्तकच लिहावे लागते. ते पुढे आहे. त्याआधी विषयाची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी ही पाने.

आपल्याकडे या विषयाची गाठ पडते ती अकरावी-बारावीत. डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन, मध्ये दोन बाण. ही आकृती मुले पाठ करतात, परीक्षेत काढतात, गुण मिळवतात आणि प्रवेश परीक्षेच्या धामधुमीत विसरूनही जातात. आकृती चूक नाही. पण तिच्यात वेळ नाही, जागा नाही आणि प्रमाण नाही. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच असतो, मग डोळा पित्त का बनवत नाही, हा साधा प्रश्न त्या दोन बाणांतून सुटत नाही. मला विचाराल तर खरा विषय तिथूनच सुरू होतो: जनुक कधी चालते, कुठे चालते आणि किती चालते. शास्त्रज्ञ याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात.

या पुस्तकात वाटाड्या म्हणून मी हिमोग्लोबिन निवडले आहे, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारे प्रथिन; सिकलसेल हा त्याच्याच बिघाडाचा आजार. माणसाच्या शरीरात प्रथिने बनवणारी सुमारे 20,000 जनुके आहेत. त्यांतले एखादेच धरून शेवटपर्यंत जायचे, तर हिमोग्लोबिनच्या जनुकांइतकी बारकाईने अभ्यासलेली जनुके फार थोडी. शिवाय ती आपल्या घरची आहेत. भारतात सिकलसेलचे जनुक पहिल्यांदा नोंदले गेले ते 1952 साली, नीलगिरीच्या आदिवासींमध्ये. 1958 साली नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले. विदर्भातला आणि सातपुड्यातला वाचक हा विषय परका म्हणून बाजूला ठेवू शकत नाही.

गोष्ट त्याच्याही आधीची आहे. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्याचे छापले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे हे एक वैद्यकीय नवल होते, त्यापलीकडे फारसे काही नाही. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. रेणूवरचा विद्युतभारच वेगळा होता. एखादा आजार एका रेणूच्या घडणीतल्या फरकाने होतो, हे तेव्हा पहिल्यांदा दाखवता आले, आणि पॉलिंग यांनी निबंधाच्या शीर्षकातच त्याला रेणूचा आजार म्हटले.

फरक नेमका कुठे, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ट्रिप्सिन या विकराने त्यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते ओल्या कागदावर आधी विजेने एका दिशेला आणि मग द्रावकाने दुसऱ्या दिशेला पसरवले, आणि रंग देऊन ठिपके उमटवले. दोन्ही कागदांवर तीसेक ठिपके. सगळे जागच्या जागी, फक्त एक सरकलेला. त्या एका ठिपक्याचा पिच्छा पुरवून 1957 पर्यंत उत्तर हाती आले: हिमोग्लोबिनच्या बीटा या साखळीतल्या 146 अमायनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसले आहे. बाकीची 145 जशीच्या तशी. (नव्या नामपद्धतीत सुरुवातीचे मेथिओनिनही मोजतात, त्यामुळे हीच जागा आता सातवी ठरते. दोन पुस्तकांत दोन आकडे दिसले तर गोंधळू नये.)

एका आम्लाने एवढा फरक का पडावा? ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, त्याला पाण्यात राहायला आवडते. व्हॅलिन पाणी टाळते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो, शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी पडते आणि हे व्हॅलिन नेमके तिच्यात जाऊन बसते. त्याला दुसरा रेणू चिकटतो, दुसऱ्याला तिसरा. बघता बघता लांबच लांब ताठ दोरे तयार होतात आणि पेशीला आतून ताणून वाकडी करतात. मऊ, लवचीक तांबडी पेशी बारीकशा केशवाहिनीतून अंग चोरून निघून जाते. ही वाकडी पेशी तिथे अडकते. पुढचा रक्तप्रवाह तुंबतो, हाडाला ऑक्सिजन मिळत नाही, आणि रुग्ण कळवळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही फार तर दोन-तीन आठवडे. म्हणून अंगात रक्त राहत नाही.

प्रथिनातली चूक सापडली तेव्हा डीएनएची भाषा अजून कुणाला वाचता येत नव्हती. 1944 साली एव्हरी, मॅकलिओड आणि मॅकार्टी यांनी आनुवंशिक द्रव्य डीएनएच असल्याचा पुरावा दिला होता. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत घेतलेली क्ष-किरण चित्रे आणि वॉटसन-क्रिक यांची 1953 ची दुहेरी सर्पिल रचना ही कथा इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की मी ती पुढे एका छोट्या प्रकरणात आटोपली आहे. 1961 साली निरेनबर्ग आणि मथाई यांनी सांकेतिक भाषेतला पहिला शब्द सोडवला, आणि पुढच्या पाचेक वर्षांत उरलेले शब्द लावण्यात हरगोविंद खुराना यांचा वाटा फार मोठा होता. त्यांना 1968 चे नोबेल मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी नेमके काय केले, हे सांगणारा क्वचित भेटतो. त्यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए रसायनशाळेत घडवले आणि त्यांतून कोणती साखळी निघते ते पाहून तीन-तीन अक्षरांचे अर्थ लावले. त्यांच्या कामावर एक पूर्ण प्रकरण आहे.

ही भाषा हाती आल्यावर सिकलसेलची चूक डीएनएवर दाखवता आली. बीटा जनुकातल्या जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी आहे. ए च्या ठिकाणी टी. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे 300 कोटी अक्षरे आहेत.

आता जनुकाकडे जरा जवळून पाहू. बीटा ग्लोबिनचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, लांबी सुमारे 1,600 अक्षरे. प्रथिनाचा मजकूर म्हणावा अशी अक्षरे त्यांत फक्त 444. उरलेल्यात दोन मोठे तुकडे मधेच घुसलेले आहेत. त्यांचे प्रथिन होत नाही. पेशी आधी सगळ्याची आरएनए-प्रत काढते, मग हे मधले तुकडे कापून फेकते आणि उरलेली टोके अक्षर न चुकता जोडते. जनुके अशी तुटक असतात हे 1977 पर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी ते दाखवले तेव्हा जाणत्यांनाही धक्का बसला होता.

कापाकापीची ही पायरी विद्यार्थी घाईने ओलांडतात. तिथे थांबायला हवे, कारण बीटा थॅलसेमियाचे भारतात सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन नेमके तिथेच आहे. पहिल्या फेकून द्यायच्या तुकड्यातले पाचवे अक्षर जी असायला हवे, ते सी झालेले असते. प्रथिनाच्या मजकुरात एकाही अक्षराचा फरक नाही. पण कापणाऱ्या यंत्रणेची खूण पुसट होते, ती भलतीकडे कापते आणि बीटा साखळी पुरेशी तयारच होत नाही. सिकलसेलमध्ये माल भरपूर, पण सदोष. इथे होतो तेवढा माल चोख, पण अगदी अपुरा. जनुक एकच, अक्षर एकच बदललेले, आणि आजार पूर्ण वेगळे. थॅलसेमियाच्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते ते या अपुरेपणामुळे.

प्रमाणाचा हा हिशेब तांबड्या पेशीत थक्क करणारा आहे. एका पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. आणि पेशी रक्तात उतरते तेव्हा तिच्यात जनुक उरलेलेच नसते! अस्थिमज्जेत असतानाच ती आपले केंद्रक बाहेर टाकून देते. त्याआधीच्या काही दिवसांत ग्लोबिनची जनुके झपाट्याने चालतात, आणि नंतर काही काळ मागे ठेवलेल्या आरएनए-प्रतींवर काम भागते. यकृताच्या किंवा मेंदूच्या पेशीत हेच जनुक आयुष्यभर असते आणि तिथे तांबड्या पेशीच्या तोडीचे काम ते कधीच करत नाही.

जनुकाला कुणीतरी चालू-बंद करते, ही कल्पना मात्र माणसाच्या रक्तातून आली नाही. ती आली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून, आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूवरच्या प्रयोगांतून. फ्रान्स्वा जाकोब यांना शल्यविशारद व्हायचे होते. 1944 साली नॉर्मंडीत झालेल्या जखमांनी ती वाट बंद केली. जाक मोनो युद्धकाळात फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते. या दोघांनी 1961 साली मांडले ते असे. जिवाणूला दुधातली साखर मिळाली नाही तर ती पचवणारी विकरे तो बनवत नाही, कारण एक प्रथिन त्या जनुकांच्या तोंडाशी डीएनएवर बसून वाट अडवते. साखर आली की तिच्यापासून बनलेला एक रेणू या अडवणाऱ्याला चिकटतो, तो उठतो आणि वाट मोकळी होते. म्हणजे काही जनुकांचे कामच मुळी इतर जनुकांवर अंमल ठेवण्याचे असते. 1965 चे नोबेल आंद्रे ल्वोफ यांच्यासह त्यांना मिळाले. माझ्या मते दुहेरी सर्पिलाइतकीच, किंबहुना तिच्याहून काकणभर सरस अशी ही कल्पना आहे, आणि मराठीत तिच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे.

जिवाणूपासून माणसापर्यंत येताना तत्त्व टिकते, गुंतागुंत कैक पटींनी वाढते. अकराव्या गुणसूत्रावर बीटा जनुक एकटे नाही. तिथे पाच भावंडे ओळीने बसली आहेत: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन चालते, मग जन्मापर्यंत गॅमा, जन्मानंतर बीटा. डेल्टाचा वाटा नेहमीच किरकोळ. ज्या क्रमाने ती गुणसूत्रावर बसली आहेत, त्याच क्रमाने आयुष्यात जागी होतात. ओळीच्या वरच्या अंगाला, बरेच दूर, डीएनएचा एक नियंत्रक पट्टा आहे. मधला डीएनए वळसा घेतो आणि हा पट्टा एका वेळी एखाद्याच जनुकाशी जाऊन भिडतो. पाटाच्या पाण्याची पाळी असते तसे हे आहे: पाट एक, शेते ओळीने, आणि ज्याचा दांड उघडला त्याचेच रान भिजणार. गॅमाची पाळी चालू आहे तोवर बीटा जवळजवळ कोरडे.

पाळण्यातल्या बाळाचे कोडे इथे सुटते. सिकलसेलची चूक बीटा जनुकात आहे, आणि जन्मतः बाळाच्या रक्तात मुख्यत्वे गॅमापासून बनलेले गर्भ हिमोग्लोबिन असते. ते दोऱ्यांत गुंफले जात नाही, उलट दोरा वाढू देत नाही. पहिल्या सहा महिन्यांत पाळी बदलते, बीटाचा माल वाढत जातो आणि आजार दार ठोठावतो. न्यू यॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 साली, म्हणजे पॉलिंग यांच्याही आधी, नवजात बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी कमी दिसतात हे नोंदवून असा तर्क केला होता. गावपातळीवरची विद्राव्यता चाचणी पाहिली असेल त्यांना हेही कळेल: नळीतले द्रावण गढूळ झाले आणि मागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र ही चाचणी लावत नाहीत. गर्भ हिमोग्लोबिन तिला चकवते. मोठ्यांतही ही चाचणी वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेला माणूस, आणि रुग्ण यांत फरक करत नाही. तो करायला इलेक्ट्रोफोरेसिस लागते, म्हणजे तत्त्वतः पॉलिंग यांनी केले तेच.

काही माणसांत गॅमाची पाळी पुरती संपत नाही. भारतातल्या सिकल जनुकाभोवतीचा डीएनए ज्या धाटणीचा आहे, तिला अरब-भारतीय म्हणतात, आणि त्या धाटणीच्या रुग्णांत गर्भ हिमोग्लोबिन मोठेपणीही आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त राहते. त्यावरून भारतीय सिकलसेल सौम्य असतो, असा एक समज पसरला. नागपूरच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले आहे की हा समज सरसकट धरून चालणे धोक्याचे आहे. सरासरीला सौम्य असलेला आजार समोरच्या एका मुलात जीवघेणा असू शकतो. जनुकातली चूक अक्षरशः एकच असूनही दोन रुग्णांची फरफट सारखी नसते, त्याला गर्भ हिमोग्लोबिनचे प्रमाण हे एक कारण आहे. बीटाच्या जोडीची साखळी बनवणाऱ्या अल्फा जनुकांची संख्या हे दुसरे. आणखीही आहेत.

मग गॅमाला पुन्हा जागे करता येईल का? हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे कर्करोगावरचे औषध गर्भ हिमोग्लोबिन वाढवते, हे 1980 च्या दशकात दिसले. 1995 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले. हे औषध तोंडाने घ्यायचे आहे, आणि तुलनेने स्वस्त आहे. त्याची नावीन्याची चमक केव्हाच ओसरली, म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही.

पुढचे पाऊल 2008 मध्ये पडले. विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये दाखवले की गॅमा दाबून ठेवणाऱ्यांत बीसीएल-11-ए नावाचे प्रथिन प्रमुख आहे. हे प्रथिन काढून टाकले की झाले, असे वाटेल. पण ते मेंदूला लागते, रोगप्रतिकारक पेशींना लागते. सुदैवाने त्याच्या जनुकाच्या पोटात एक छोटा पट्टा सापडला, जो फक्त तांबड्या पेशींच्या वंशात हे जनुक जोमाने चालवतो. तेवढाच पट्टा मोडला की इतर पेशींतले काम चालू राहते आणि रक्तात गॅमा मोकळे होते. कॅसजेव्ही ही क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्रावर आधारलेली उपचारपद्धती हेच करते. तिला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. सिकलसेलचे ते चुकीचे अक्षर या उपचारात कुणी दुरुस्त करत नाही. जीटीजी तसेच राहते. फक्त पाळी बदलते. जनुकीय अभिव्यक्तीचा अभ्यास कशाला करायचा, याचे याहून थेट उत्तर मला ठाऊक नाही.

किंमतही सांगायला हवी. अमेरिकेत या उपचाराचा भाव 22 लाख डॉलर आहे, आणि त्यासाठी रुग्णाची अस्थिमज्जा आधी तीव्र औषधांनी रिकामी करावी लागते. दिल्लीच्या जिनोमिक्स संस्थेत स्वस्त देशी पर्यायावर काम चालू आहे. तोवर आपल्या हाती तपासणी, हायड्रॉक्सियुरिया आणि समुपदेशन आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. तपासणी झाल्यावर हातात पडलेल्या कार्डाचा अर्थ कळला नाही, तर मात्र त्याच कार्डामुळे मुलीची सोयरीक मोडते, हेही विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी पाहिले आहे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. वाहकाचे एक बीटा जनुक चांगले असते आणि सहसा तेवढ्यावर त्याचे भागते. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे जनुक काही समाजांत जास्त आढळते याचे कारण मलेरिया: वाहकांना त्यापासून काही संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवले. रक्त ‘खराब’ असण्याशी किंवा जातीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पुस्तक कसे वाचावे, याबद्दल थोडेसे. पहिली चार प्रकरणे क्रमाने वाचावीत. पुढची कुठूनही उघडली तरी चालतील. कर्करोग आणि वनस्पतींची जनुके हे विषय मी जवळजवळ सोडले आहेत, कारण त्यांना न्याय द्यायचा तर स्वतंत्र पुस्तके हवीत. संज्ञांच्या बाबतीत आग्रह धरलेला नाही: जिथे मराठी शब्द रुळला आहे तिथे तो, नाहीतर वर्गात आणि दवाखान्यात बोलतात तो. तिसऱ्या प्रकरणात बीटा जनुकाची सुरुवातीची अक्षरे आणि सांकेतिक शब्दांचा तक्ता शेजारी-शेजारी छापला आहे. तो नुसता पाहून पुढे जाऊ नका. पेन्सिल घ्या, तीन-तीन अक्षरांवर रेघा मारा आणि सातव्या शब्दापर्यंत स्वतः पोचा.